तुम्ही डिझेलच म्हणले होते

संग्रामपुरातून वरवट बकालकडे निघालं, की गाव संपता संपता उजव्या हाताला एक पेट्रोलपंप लागतो. धम्मशीला तायडे तिथं नऊ वर्षं उभी होती. उभीच होती, पंपावर खुर्ची एक, आणि ती काचेच्या खोलीत, मॅनेजरची. साडीवरून निळा शर्ट चढवायचा, डोक्याला रुमाल बांधायचा आणि सकाळी सातपासून दुपारी तीनपर्यंत आल्या गाडीला एकच गोष्ट विचारायची, पेट्रोल का डिझेल.

तिचा नवरा प्रल्हाद जीपवाला होता. संग्रामपूर ते शेगाव माणसं ने-आण करायचा. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात दिवस मावळताना दोघं अंगणात बाजेवर बसायचे. रस्ता दारासमोरूनच जायचा. प्रल्हाद तिला डोळे मिटायला लावी आणि येणारी गाडी ओळखायला सांगे. तिला आधी सगळ्या सारख्याच वाटत. मग तो समजावून सांगायचा. डिझेलची गाडी दुरूनच कळते, डब्यात फुटाणे टाकून हलवल्यासारखी खडखडते, उभी राहिली तरी तिचं अंग थरथरत असतं. पेट्रोलची गाडी गुणगुणत येते, पार जवळ येईपर्यंत पत्ता लागू देत नाही. डिझेलला चढ दाखवावा, ओझं टाकावं, तिथं तिची ताकद. पेट्रोल हलकं, चपळ, पण भरली गाडी घेऊन चढावर लागलं की धापा टाकतं. असं रोज एवढंएवढं. वर्षभरात धम्मशीलाचा कान असा तयार झाला, की कोपऱ्यावर ट्रॅक्टर वळला तरी कोणाचा ते ती चुलीपाशी बसून सांगे, आणि प्रल्हाद हसत हसत हात जोडी.

प्रल्हाद काविळीनं गेला. आठ दिवसांचं दुखणं. मुलगी समता तेव्हा अकरा वर्षांची होती. जीप विकली गेली आणि पुढच्याच महिन्यात धम्मशीला पंपावर उभी राहिली. त्या भागात पंपावर बाई कोणी पाहिलेली नव्हती. सुरुवातीचे काही दिवस लोक टाकी एकदम भरून न घेता थोडं थोडं भरायला परत परत येत. तिनं मान वर केली नाही, काम शिकून घेतलं. पेट्रोल हातावर सांडलं तर गार लागतं आणि बघता बघता उडून जातं, डिझेल चिकटून बसतं. साबणानं दोनदा हात धुवून भाकरी थापली तरी समता पहिला घास तोंडाजवळ नेऊन थांबायची. पुढं तिलाही सवय झाली.

हळूहळू लोकांनी तिला मानायला सुरुवात केली. कोणाला गाडी घ्यायची असली की पंपावर येऊन विचारत. शाळेतल्या प्रतीक्षा मॅडम आल्या होत्या, त्यांचे मिस्टर डिझेल गाडीसाठी अडून बसले होते. धम्मशीलानं विचारलं, मॅडम, रोज जाता किती? मॅडम म्हणाल्या, घर ते शाळा, चार किलोमीटर. मग पेट्रोल घ्या, ती म्हणाली. डिझेलच्या इंजिनला तापायलाच तेवढा रस्ता लागतो. नवी डिझेल गाडी रोज अशी थोडीथोडी चालवली तर तिच्यात काजळी कोंडते आणि मग दुरुस्तीत कंबर मोडते. रोज अकोल्याला जाऊन येणार असता, घरातले सहा जण बसवून फिरणार असता, तर मी डिझेल म्हणले असते. मॅडमनी पेट्रोल घेतली आणि दिवाळीला तिला चिवड्याचा डबा आणून दिला.

नऊ वर्षांत तिच्या हातून एकदाही चुकीचं इंधन गेलं नाही. ती विचारायची, उत्तर ऐकायची आणि शिवाय गाडी ऐकायची. दोन्ही जुळलं तरच नळी लावायची. कितीतरी वेळा तिनं लोकांना थांबवलं होतं. भावाची गाडी घेऊन आलेला भाऊ, नवीन ड्रायव्हर, सासऱ्याच्या गाडीत बसून रुबाब करणारा जावई. जुळलं नाही की ती म्हणायची, एकदा झाकण पाहता का, गाडी डिझेल वाटते. लोक उतरून बघत, जीभ चावत, आभार मानत.

त्या वर्षी एप्रिलमध्ये एक पांढरी मोठी गाडी आली. रस्त्याच्या कामाचा कोणी ठेकेदार होता. त्यानं काच अर्धी खाली करून पेट्रोल म्हटलं. इंजिन खडखडत होतं. धम्मशीला म्हणाली, साहेब, डिझेल वाटते, एकदा पाहता का? त्यानं ऐकलं नाही, तिनं नळी उचलली नाही. आवाज चढला तसा मॅनेजर गजेंद्र खोलीतून बाहेर आला. कागद काढले. गाडी पेट्रोलचीच होती, इंजिन झिजून खिळखिळं झालं होतं म्हणून तसा आवाज येत होता. ठेकेदार गजेंद्रला वाटेल ते बोलला. गजेंद्र पस्तिशीचा, तसा सरळ माणूस, एरवी तिला ताई म्हणायचा. त्या दिवशी चार गिऱ्हाइकांसमोर त्यानं ताई गाळलं.

"धम्मशीला, तुझं काम विचारायचं अन् भरायचं. कान लावायचा पगार नाही भेटत तुले."

तिनं शर्टाची वरची गुंडी लावली आणि पुढच्या मोटारसायकलकडे गेली. पण ते वाक्य तिच्या मनात रुतून बसलं. त्यानंतर ती फक्त विचारायची आणि भरायची. महिनाभरात काही बिघडलंही नाही. तिला वाटलं, गजेंद्रचं बरोबरच असेल, लोक काही इतके बावळट नसतात.

मे महिन्यातला तो दिवस. बारा वाजून गेले होते. डांबर वितळलेलं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सातपुड्याच्या बाजूनं एक गाडी आली, आणि ती वळणावर असतानाच धम्मशीलाला कळलं की डिझेल आहे. तिचा हात आपोआप डिझेलच्या नळीकडे गेला. गाडी थांबली. चालवणारा अठ्ठावीस-तिशीचा पोरगा, शर्ट घामानं अंगाला चिकटलेला. मागच्या सीटवर एक तरुण बाई आपल्या आईच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी होती. कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, दिवस भरलेले, कपाळावर आईचा हात. ती ओरडत नव्हती. ओठ दाताखाली धरून छताकडे बघत होती.

"मावशी, पेट्रोल टाका. जल्दी."

"पेट्रोल?" धम्मशीलानं विचारलं.

"हाव, पेट्रोल." तो मागं वळून आडव्या पडलेल्या बहिणीकडे बघत होता.

टाकीच्या झाकणावरचा पेट्रोल-डिझेल लिहिलेला कागद कधीच झिजून गेला होता. इंजिन बंद झालं होतं, पण तो आवाज तिच्या कानात तसाच होता. दादा, गाडी डिझेल वाटते. एवढंच म्हणायचं होतं. शब्द तोंडापर्यंत आले. काचेच्या खोलीत गजेंद्र बसला होता, इकडेच बघत होता. आपण अडवलं आणि पुन्हा पेट्रोलचीच निघाली तर? आत बाई अडलेली, वर आपली हुज्जत. तिनं हात डिझेलच्या नळीवरून काढला, शेजारची पेट्रोलची नळी उचलली आणि भरलं. मशीनमधून पावती आली. पोरानं पैसे दिले, पावती न बघता खिशात कोंबली आणि गाडी निघाली. धम्मशीला ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. पाचेक मिनिटं तिला वाटत राहिलं, की आता ती गाडी झटके देत परत येईल. आली नाही. तिला हायसं वाटलं. आपलाच कान म्हातारा झाला, असं तिनं स्वतःला समजावलं.

दोनच्या सुमारास शेगावकडून एक टेम्पोवाला आला. पूर्णेच्या पुलाअलीकडे एक गाडी बंद पडलीय, तो सांगत होता, आतल्या अडलेल्या बाईला संत्रेवाल्याच्या पिकअपमध्ये घालून नेलं म्हणे. पाऊण तास उन्हात पडून होती. धम्मशीलाच्या हातातली नळी खाली आली. टेम्पोवाल्याचे पाय डिझेलनं भिजले तेव्हा तिच्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी सगळं कळलं. तो पोरगा राजकुमार, पहाडाच्या पायथ्याच्या एका गावातला. बहीण पूनम, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. इथल्या डॉक्टरांनी मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं, म्हणून राजकुमारनं शेजाऱ्याची गाडी मागून घेतली. स्वतःकडे मोटारसायकल, पंपावर उभं राहिलं की तोंडातून पेट्रोल हाच शब्द निघायचा. गाडी पुलाजवळ दमत दमत गेली, थरथरली आणि बंद पडली. त्याला वाटलं उन्हानं तापली, म्हणून त्यानं पाणी ओतलं. पुन्हा चालू केली, पुन्हा पडली. मिस्त्रीनं टाकी उघडून वास घेतला तेव्हा कारण समजलं. पूनमला मुलगी झाली, जगली. पूनम त्याच संध्याकाळी गेली. फार रक्त गेलं होतं. अर्धा तास आधी पोचली असती तर, असं डॉक्टर म्हणाले म्हणे. खरंच म्हणाले की लोकांनी जोडलं, कोणास ठाऊक. पण ते वाक्य गावोगाव पोचलं.

गजेंद्रनं पावतीची नक्कल काढली, कॅमेऱ्यात बघितलं. कॅमेऱ्याला चित्र होतं, आवाज नव्हता. त्यानं धम्मशीलाला विचारलं, आणि तिनं खरं ते सांगितलं, त्यानं पेट्रोल मागितलं, मी पेट्रोल दिलं. गजेंद्र म्हणाला, ताई, मग तुमची काहीच चूक नाही. पंपावरचे सगळे तेच म्हणाले. शेजारणी म्हणाल्या. सुट्टीला घरी आलेली समता म्हणाली; ती अकोल्याला फार्मसी शिकत होती. जो तो तिची समजूत घालत होता, आणि प्रत्येक समजुतीनं तिला जास्तच कोंडल्यासारखं होत होतं. कारण त्या आवाजाची गोष्ट तिनं कोणालाच सांगितली नव्हती. तिला विचारलं ते एवढंच, की त्यानं काय मागितलं. तिला काय ऐकू आलं होतं, हे कोणी विचारलं नाही.

जेवण जाईना. रात्री दोन्ही कानांवर उशी दाबून झोपू लागली. दारावरून गाड्या जात आणि नको असताना तिला कळत राही, ही डिझेल, ही पेट्रोल, ही डिझेल.

पेरण्या आटोपल्यावर, जुलैच्या शेवटी, राजकुमार पंपावर आला. पायी आला. तिनं लगेच ओळखलं नाही, इतका वाळला होता. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. तो मशीनच्या सावलीत उभा राहिला. मग त्यानं तुटक तुटक सांगायला सुरुवात केली. पूनमच्या सासरचे त्याचं तोंड बघत नाहीत. पोरीला घेऊन गेले आणि सांगून गेले, ज्याला गाडीत काय टाकायचं ते कळत नाही त्याच्या दारात आमची लेक येणार नाही. गावात कोणी काही बोलत नाही, पण तो दिसला की बोलणं थांबतं. शेतात जावंसं वाटत नाही.

"आई मले एकटं सोडतच नाही," तो म्हणाला. "फवारणीचे डबे सारे शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवले तिनं."

हे त्यानं साध्या आवाजात सांगितलं, जसं कोणी सांगावं की यंदा पाऊस कमी आहे.

"एकच विचारायले आलो, मावशी. मले काहीच आठवत नाही. पूनम दिसते, आईचा हात दिसते, बाकी काही नाही. त्या दिवशी मी काय म्हणलो होतो?"

खरं सांगायचं तर एका शब्दाचं काम होतं. तो शब्द घेऊन हा पोरगा घरी जाईल आणि आईनं लपवलेलं कुठून तरी शोधून काढील, हे तिला समोर दिसत होतं. आणि खरं म्हणजे तरी काय? तो शुद्धीवर नव्हता, त्यानं चुकीचा शब्द उच्चारला. शुद्धीवर ती होती. गाडी ऐकली तिनं. हात बरोबर नळीवर गेला होता, तो तिथून काढला तिनं.

"तुम्ही डिझेलच म्हणले होते," ती म्हणाली.

त्याचे ओठ हलले. "नक्की?"

"नक्की. दोनदा म्हणले. मह्या हातात पेट्रोलची नळी होती, मी तेच लावली. ध्यान नव्हतं मह्यं."

"पण पावती..."

"पावतीवर जे नळी लावली ते येते."

तो मटकन खाली बसला, तिथंच, तेलकट फरशीवर. दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि लहान मुलासारखा रडला. दोन महिने त्याच्या छातीत दाटलेलं होतं ते सगळं बाहेर आलं. धम्मशीला पाण्याचा ग्लास घेऊन आली, पण पुढं करायचा धीर झाला नाही. थोड्या वेळानं तो उठला. त्याचा हात वर गेला, आणि तिला वाटलं मारणार. ती हलली नाही. हात तसाच खाली आला.

"तुमच्यापायी मही बहीण गेली," तो हळू म्हणाला.

"हो," धम्मशीला म्हणाली.

तो आला तसा पायी निघून गेला. पण आलेला माणूस आणि गेलेला माणूस एक नव्हता. जाताना पाठ ताठ होती.

दुसऱ्या दिवशी पंपावर पंधरा-वीस माणसं आली. शिव्या झाल्या, काच फुटली, गोष्ट पोलिसांपर्यंत गेली. जबाबात तिनं तेच सांगितलं जे राजकुमारला सांगितलं होतं. पंपाच्या मालकानं मध्ये पडून मिटवलं आणि तिला कामावरून काढायला सांगितलं. गजेंद्रनं तिला काचेच्या खोलीत बोलावलं आणि पहिल्यांदाच स्वतःच्या खुर्चीत बसवलं.

"ताई, तुम्ही मले सांगितलं होतं त्यानं पेट्रोल मागितलं. आता हे काय लावलं? काऊन स्वतःच्या हातानं स्वतःचं वाटोळं करून राह्यल्या?"

गजेंद्र टेबलावरची पेन्सिल फिरवत राहिला. मग त्याला काहीतरी सुचलं आणि त्याचा हात थांबला.

"त्या दिवशी तुम्हाले कळलं होतं? गाडी कोणती ते?"

"वळणावर होती तवाच कळलं होतं."

"मग बोलल्या काऊन नाही?"

तिनं मान वर करून त्याच्याकडे बघितलं. रागानं नाही. फक्त बघितलं. गजेंद्रचा चेहरा उतरत गेला. त्यानं पुन्हा विचारलं नाही. कागदावर सही घ्यायची होती, तो कागद त्यानं उलटाच पुढं सरकवला, मग सरळ केला. ती निघाली तेव्हा तो रस्त्यापर्यंत तिच्यामागं आला, काहीतरी म्हणायचं होतं त्याला, पण एक ट्रक हॉर्न वाजवत आत शिरला आणि तो परत फिरला.

समताला हे अकोल्यात कळलं. ती पहिल्या एसटीनं घरी आली. आई, तू खोटं बोलली, ती दारातूनच म्हणाली. नऊ वर्षांत एक चूक नाही केली अन् आता साऱ्या तालुक्यात तुझं नाव खराब झालं. धम्मशीलानं तिला बसवलं, आणि मग पहिल्यांदा सगळं सांगितलं, आवाज, हात, काचेच्या खोलीतला गजेंद्र, फवारणीचे डबे. समता ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, तरी खोटं ते खोटंच. तूच मला शिकवलं. दर पौर्णिमेला धम्मशीला विहारात जायची, सगळ्यांबरोबर पंचशील म्हणायची. त्या पौर्णिमेला तिनं तीन शीलं म्हटली. चौथं, खोटं न बोलण्याचं, ते आलं तेव्हा तिचे ओठ मिटले. शेजारच्या बाया म्हणत राहिल्या. पाचव्याला ती पुन्हा त्यांच्यात मिसळली. तेव्हापासून तिचं असंच चाललंय. कोणाच्या लक्षात आलेलं नाही.

काम मिळेना. पंपावरची बाई म्हणून लोक ओळखत, आणि ती ओळखच आड येई. शेवटी प्रतीक्षा मॅडमनी शाळेच्या खिचडीच्या कामावर तिला लावून घेतलं. मॅडमनी काही विचारलं नाही. तांदूळ निवडायचे, डाळ धुवायची, मोठ्या पातेल्यात ढवळायचं. हाताला आता तेलाचा वास येत नाही. मात्र समता घरी आली की अजून पहिला घास घेताना क्षणभर थांबते, सवयीनं.

डिसेंबरात समता चार दिवसांच्या सुट्टीवर आली होती. दोघी संग्रामपूरच्या आठवडी बाजाराला गेल्या. गर्दी होती. धम्मशीला मेथीच्या जुड्या बघत होती, तेवढ्यात मागून कोणीतरी तिचा दंड धरून तिला वळवलं. समोर एक म्हातारी होती. पांढरं कपाळ, बारीक अंग. धम्मशीलानं तो हात ओळखला. मे महिन्यात तो लेकीच्या कपाळावर होता. राजकुमारची आई, शालूबाई. मागं दोन पावलांवर राजकुमार उभा होता. दाढी केलेली, अंगानं थोडा भरलेला. त्याच्या कडेवर लोकरीच्या टोपीतली सात महिन्यांची पोरगी. पूनमच्या सासरच्यांना पंपाची चूक कळली, तसा त्यांनी हळूहळू राजकुमारवरचा राग सोडला. आता महिन्यातून आठ दिवस पोरीला आजोळी धाडत होते.

"पाहा, हेच ते बाई," शालूबाई आल्यागेल्याला सांगू लागली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण भोवतालचे लोक थांबले. "मह्या पोरानं सांगितलं डिझेल, अन् हिनं टाकलं पेट्रोल. मही लेक पुलापाशी तडफडली. हिची लेक पाहा, हिच्या बाजूले उभी आहे."

समताचा चेहरा लालबुंद झाला. तिनं तोंड उघडलं. धम्मशीलानं तिचं मनगट धरलं आणि इतक्या जोरात दाबलं, की समताच्या डोळ्यांत पाणी आलं. शालूबाई बोलत होती. काय काय स्वप्नं होती पूनमची, सातव्या महिन्यात कोणती साडी नेसली होती, बाळाची झबली तिनं स्वतः शिवली होती. बोलता बोलता ती शिव्या द्यायची विसरली आणि नुसतीच लेकीबद्दल सांगत राहिली. धम्मशीला ऐकत होती. मध्ये एकदा राजकुमारनं तिच्याकडे बघितलं. त्याच्या नजरेत राग होता, पण तो रोजच्या व्यवहारातला, जगणाऱ्या माणसाचा राग होता. पोरगी टोपीखालून टकामका धम्मशीलाकडे बघत होती आणि मामाच्या शर्टाची कॉलर तोंडात घालत होती.

"चाल आई," राजकुमार म्हणाला. "पोरीले ऊन लागून राह्यलं."

ते गर्दीतून पलीकडे गेले. मेथीवालीनं जुड्या धम्मशीलाच्या पिशवीत टाकल्या आणि तिच्याकडे न बघता सुटे परत केले. दोघी मायलेकी बाजाराच्या टोकापर्यंत चालत आल्या. समता मनगट चोळत होती, डोळे पुसत होती.

"त्या पोरीचं नाव काय ठेवलं असंल?" तिनं विचारलं.

"माहीत नाही," धम्मशीला म्हणाली, आणि पिशवी दुसऱ्या हातात घेतली.